सपाट रस्त्याचा चढ

अलिबागला सायकल चालवायला चाललोय म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "तिथं काय, सगळं सपाट!" बोरघाट चढणाऱ्यांच्या नजरेला तर अलिबाग-रेवदंडा रस्ता म्हणजे लहान मुलांचा खेळ. मीही तसंच समजत होतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी साडेनऊला अलिबागच्या एस.टी. स्टँडजवळून निघालो आणि जेमतेम तासाभरात रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटात शिरलो. साधारण सतरा किलोमीटर. चाळिशी उलटलेल्या माणसानं स्वतःवर खूश व्हावं असा वेग. तटाच्या सावलीत डबा खाल्ला, थोडा लवंडलो आणि एकच्या सुमारास परत निघालो.

चौलला येईपर्यंत पाय भरून आले. ब्रेकचा रबर रिमला घासतोय असं वाटून एका दुकानासमोर थांबलो. दुकानातल्या पोरानं सायकल उलटी केली, चाक फिरवलं. चाक कितीतरी वेळ आपलं फिरतच राहिलं. तो म्हणाला, "चाचा, सायकल ठणठणीत आहे. वारा बघून निघायचं होतं." अलिबाग गाठायला मला दोन तासांहून जास्त लागले.

त्या पोरानं एका वाक्यात सांगितलं ते मला पुढं पुस्तकं चाळून समजून घ्यावं लागलं. घाटात चढ डोळ्यांना दिसतो. माणूस मनाची तयारी करतो, गिअर बदलतो, आणि माथा आला की उतार मिळणार याची खात्री असते. सपाट किनाऱ्यावर वारा हाच चढ असतो आणि तो दिसत नाही. सायकलस्वाराला खरा अडवतो तो समोरच्या हवेचा रेटा, आणि हा रेटा वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो. हवेचा वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. तुम्ही ताशी १८ किलोमीटरनं चालला आहात आणि समोरून १२ किलोमीटरचा वारा आहे, म्हणजे तुमच्या छातीवर ३० किलोमीटरची हवा आदळते. वारा नसताना होता त्याच्या पावणेतीन पट अडथळा! तोच वारा पाठीशी असेल तर अडथळा नवव्या हिश्शावर येतो. म्हणून जाताना मी शूर होतो.

"जाताना मिळालं, येताना गेलं, फिट्टंफाट" असं कुणाला वाटेल. तसं होत नाही. समजा, अठरा किलोमीटर जाताना ताशी २४ चा वेग मिळाला आणि येताना १२ चा. जाताना पाऊण तास, येताना दीड तास. छत्तीस किलोमीटरला सव्वादोन तास, म्हणजे ताशी १६. चोवीस आणि बाराची सरासरी अठरा असते हे शाळेतलं गणित रस्त्यावर चालत नाही, कारण वाईट वेगात आपण जास्त वेळ अडकलेलो असतो. हॉलंडात तर २०१३ पासून उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धाच भरवतात. झीलंड प्रांतात समुद्र अडवणाऱ्या एका प्रचंड बांधावर, साडेआठ किलोमीटर, बिनगिअरच्या साध्या सायकलीवर, आणि तीही वादळी वारा सुटला तरच. डोंगर नसलेल्या देशानं आपला घाट शोधून काढला म्हणायचं.

आता आपल्या किनाऱ्याचं वेळापत्रक. खारे वारे आणि मतलई वारे भूगोलात सगळ्यांनी पाठ केलेले असतात आणि पेपर दिल्यावर विसरलेले असतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. हिवाळ्यात तो मंद, गार आणि अलिबाग-रेवदंडा रस्त्याला आडवा असतो, त्याचा त्रास जवळजवळ नाही. सूर्य वर आला, जमीन तापली की दहा-अकराच्या सुमारास चित्र उलटतं. समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि आपल्याकडे तो बहुधा वायव्येकडे झुकलेला असतो. रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेला, किंचित आग्नेयेकडे. म्हणजे दुपारी उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर वाऱ्याचा हात, आणि उलट येणाऱ्याच्या तोंडावर थप्पड. सूर्यास्तानंतर हा जोर ओसरतो, पण त्या अंधारात अरुंद रस्त्यावर सायकल घालण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

मग माझा नेम असा: फज्रची नमाज झाली की निघायचं आणि दहाच्या आत परतायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे उत्तम दिवस. ज्यांना उशिरा उठायचं आहे त्यांनी उत्तरेकडून दक्षिणेला एकाच दिशेनं जावं आणि रात्री रेवदंड्याला मुक्काम करावा. मुंबईकरांसाठी तर हे सोपं आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे, तिच्यावर सायकल नेता येते. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर. वाटेत चोंढीला उजवा फाटा किहीमला जातो, जिथं सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. डाव्या हाताला कनकेश्वराचा डोंगर दिसतो, त्याला नुसता नमस्कार करून पुढं जावं. थळच्या आसपास खत कारखान्यामुळे ट्रकची वर्दळ असते, तिथं घाई करू नये.

अलिबाग सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की अक्षी. मराठीत लिहिणाऱ्यानं इथं एक पाय टेकवावा, कारण अक्षीचा शिलालेख बऱ्याच अभ्यासकांनी शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला आहे. तसं असेल तर काळाचा उल्लेख असलेला मराठीतला सर्वांत जुना लेख हाच. पुढं नागाव, मग चौल. अल-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला होता. तो या बंदराला सैमूर म्हणतो आणि इथल्या मोठ्या मुसलमान वस्तीबद्दल लिहितो. ती माणसं वाऱ्याचं वेळापत्रक पाहूनच आली आणि तेच पाहून परतली. आपला 'मोसमी' हा शब्दही त्यांच्याच 'मौसिम'मधून आलेला. म्हणजे वारा न बघता निघालेला पहिला मूर्ख बहुधा मीच.

रेवदंड्याच्या पुढं कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळावला गेलं की सपाटीचं राज्य संपतं. कोर्लईपासून काशीदकडे रस्ता डोंगराच्या कडेनं वर-खाली होऊ लागतो. तो वेगळा विषय.

पण मला आज मुख्यतः बोलायचं आहे ते वाडीबद्दल. अष्टागरातला हा रस्ता पुष्कळसा नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. समुद्र, मग पुळण, पुळणीवर सुरूचं बन, मग वाडी, मग रस्ता, आणि पलीकडे भातशेती आणि खाजण. आपण समजतो वाडी म्हणजे सावली. सायकलवाल्याला ती त्याहून मोठी गोष्ट देते. झाडांची रांग वारा पूर्ण अडवत नाही, गाळून घेते. पानांतून, खोडांमधून शिरताना वाऱ्याचा जोर मोडतो आणि झाडांच्या उंचीच्या दहापट, कधी त्याहूनही लांबपर्यंत हवा मंद राहते. भिंतीचं तसं नाही. वारा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करून खाली आदळतो. सायकल डगमगते ती नेमकी तिथं. वाडीतून जाताना दुपारीही मी गाणं गुणगुणू शकतो. वाडी संपली, पूल आला किंवा मोकळा प्लॉट आला की तोंड मिटून मान खाली घालावी लागते. डोळे बांधून मला या रस्त्यावरून नेलं तरी वाडी कुठं संपली ते मी मांड्यांवरून सांगेन.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. रायगडच्या वाड्यांची जी दशा झाली ती तिथल्या लोकांनाच माहीत. पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले. पोफळ लावली की फळाला येईपर्यंत पाच-सात वर्षं जातात, नारळालाही कमीअधिक तेवढीच. कुणी पुन्हा लावलं. कुणी थकून जमीन विकली, आणि झाडं होती तिथं आता शहरी माणसांच्या बंगल्यांची उंच कुंपणं आहेत. माझ्या लेखी तिथं रस्त्याला नवा चढ तयार झाला. कुठल्याही नकाशात तो दाखवलेला नसतो.

त्यात जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. मुंबईहून मोटारी झपाट्यानं येऊ लागल्या. या सेतूवर सायकलीला परवानगी नाही हे जाता जाता सांगतो. शनिवार-रविवारी चौल-नागावच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते, कडेला पाय टेकायला जागा नसते. रस्ता रुंद करा ही मागणी त्यामुळे चुकीची म्हणता येणार नाही. एस.टी.तून जाणाऱ्या बाईचा तास वाया जातो तेव्हा तिला माझ्या सावलीचं कौतुक काय? पण रुंदीकरणात पहिली कुऱ्हाड रस्त्याकडेच्या झाडांवर पडते, हेही मी पाहिलेलं आहे. शक्य तिथं जुना रस्ता वाडीत तसाच ठेवून मोठ्या वाहनांना बाहेरून काढावं, एवढंच माझं म्हणणं. रविवारच्या पुरवणीत हे वाचून लगेच येत्या रविवारी निघू नका. मधला वार बघा.

काही जण विचारतात, रस्ता कशाला, ओहोटीला पुळणीवरून जावं. जाता येतं, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा वाजता भरती, एकादशीला सव्वाआठला, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पंधरा मिनिटं, अर्धा तास इकडेतिकडे धरावा. पण खारं पाणी साखळी आणि बेअरिंग खातं. घरी आल्याबरोबर गोड्या पाण्यानं सायकल धुऊन तेल दिलं नाहीत तर आठवड्याभरात ती कुरकुरू लागेल. आणि पुळणीवर वाडीचा आडोसा नाही हे विसरू नका.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा तीच चूक मुद्दाम केली. एकच्या सुमारास रेवदंड्याहून निघालो, बघू या म्हणून. चौलच्या अलीकडे, वादळात उघड्या पडलेल्या एका वाडीपाशी वारा लागेल म्हणून मान खाली घातली, तर तेवढा लागला नाही. थांबून पाहिलं. केळीच्या ओळींमधून नव्या पोफळी माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर गेल्या होत्या. वाडीवाला पाटाला पाणी सोडत होता. म्हणाला, यंदा पहिली शिंपुटं धरली आहेत. त्याच्या शेजारच्या प्लॉटवर चिऱ्याची भिंत होती. तिच्यापाशी आलो आणि सायकल डगमगली.