एकाला कडू, दुसऱ्याला काहीच नाही

पावसाळ्यात तरोट्याची भाजी केली की एक लेकरू ताट पुसून खाते आणि त्याचाच भाऊ पहिल्या घासाला थुंकतो. आपण म्हणतो, लाडावला आहे. आम्ही गटाच्या बायका आज त्या थुंकणाऱ्या लेकराची बाजू घेणार आहोत.

कडू चव ओळखायला आपल्या जिभेवर सुमारे २५ प्रकारचे पहारेकरी असतात. गोडासाठी इतके नाहीत. झाडे किड्यांपासून आणि जनावरांपासून बचाव म्हणून पानात, बियांत विष साठवतात आणि अशी बरीच विषे कडू असतात. म्हणून कडू लागले की थुंकायचे, हे मूल जन्मतःच शिकून येते. लहानपणी ही चव जास्त बोचते, मोठेपणी सवय होते.

पण पहारेकरी सगळ्यांचे सारखे नसतात. अमेरिकेत १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून पीटीसी नावाची भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचे तोंड कडू झाले, फॉक्सना मात्र काहीच लागले नाही. यामागचे जनुक २००३ साली सापडले. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही तेज असल्या तर चव फार कडू, दोन्ही मंद असल्या तर जवळजवळ नाहीच. म्हणून सख्ख्या भावंडांतही फरक पडतो, आणि सुनेला भाजी कडू लागते तेव्हा सासूला ती लागत नाही, यात कोणी खोटे बोलत नसते. हे जनुक मोहरी, मुळा, कोबी यांच्या कडवटपणाशी जोडलेले आहे. क्विनीनचा कडूपणा दुसरे पहारेकरी ओळखतात.

मीठ हा कडूपणा दाबते. कारल्याला मीठ चोळून पिळायची रीत उगाच पडलेली नाही.

आता जिथे पहारेकऱ्याचे ऐकायलाच हवे ते सांगतो. दुधी, म्हणजे आपली लवकी, कधी कधी कडू निघते. शिजवल्याने तिच्यातले विष जात नाही. तिचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू असेल तर थुंका आणि अख्खी लवकी फेका. दहा रुपये वाचवायला जीव घालू नका. कडू काकडीचेही तेच. घरात कोणा एकालाच कडू लागली, तरी त्या एकाचे ऐका.

आणि जिथे ऐकायचे नाही ती जागा म्हणजे तापाची गोळी. आपल्या जंगलपट्टीत मलेरिया नवा नाही. व्हायव्हॅक्स मलेरियात क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस देतात. गरोदर बाईला आणि वर्षाखालच्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. क्लोरोक्विन भयंकर कडू. लेकरू थुंकले की आई दमते, चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात. यकृतात दडलेले जंतू मात्र तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी ताप परत येतो. भुईनिंबाचा काढा कडू आहे म्हणून तो गोळीचे काम करतो, असेही नाही. औषधाचा गुण कडूपणात नसतो.

गोळी उपाशीपोटी देऊ नका. लहान मुलाला चुरून गुळाच्या पाण्यात द्या, पाठोपाठ अजून थोडे गूळपाणी पाजा आणि घड्याळ बघा. अर्ध्या तासाच्या आत ओकले तर ती मात्रा वाया गेली. आशाताईला सांगून ती पुन्हा द्यायची.