मागच्याला दिसतंय का? बाइकच्या ब्रेकलाइटबद्दल थोडं

बाइक चालवता चालवता ऐकत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या. आजचा विषय आहे आपल्या पाठीमागचा, म्हणजे ब्रेकलाइट.

धाराशिव-तुळजापूर रस्त्यावर माझं कायम येणं-जाणं. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, नवरात्रात पायी निघालेले भाविक, मधेच गतिरोधक. अचानक ब्रेक मारायची वेळ येतेच. मागून ट्रक ताशी ८० च्या वेगानं येत असेल तर तो सेकंदाला २२ मीटर कापतो. ड्रायव्हरला लाल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ३३ मीटर गेले, आणि ब्रेक अजून लागायचाय.

कारला मागं दोन दिवे असतात. आपण जवळ जाऊ तसं त्या दोघांतलं अंतर वाढताना दिसतं, त्यावरून अंदाज येतो. बाइकचा एकच ठिपका. तो चाललाय की थांबतोय, अंधारात कसं कळणार? खूण एकच: लाल उजेड एकदम वाढला. म्हणून मी म्हणतो, नुसता भडक दिवा लावून उपयोग नाही. टेललाइट आणि ब्रेकलाइट यातला फरक दिसला पाहिजे.

बऱ्याच गाड्यांत साधा २१/५ वॅटचा बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा: ५ वॅटची कायम पेटलेली, २१ वॅटची ब्रेक दाबल्यावर. बल्ब उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली दिलेल्या असतात. तरी जोर लावून उलटा बसवणारे महाभाग भेटतात! मग मोठी तार कायम पेटलेली, आणि ब्रेक दाबला की ५ वॅटची भर. मागच्याला काय डोंबल कळणार?

एलईडीचा फायदा खरा आहे. साध्या बल्बची तार तापून नीट पेटायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी जवळपास लगेच पेटतो. ८० च्या वेगात तेवढ्यात मागचा ट्रक साडेचार मीटर पुढं येतो. पण काही स्वस्त एलईडी बल्बांत दोन्ही उजेड जवळजवळ सारखेच असतात. तसला बसवण्यापेक्षा जुना बल्ब बरा. आणि काचेवर काळी फिल्म? माझं स्पष्ट मत, काढून टाका.

अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या कारला मागं, उंचावर, तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा झाला. सुरुवातीला परिणाम मोठा दिसला, मग लोकांची नजर सरावली. तरी मागून होणाऱ्या धडका सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहिल्या. तो दिवा फक्त ब्रेकला पेटतो, एरवी बंद. बाइकला टॉपबॉक्स असेल तर त्यावर असाच लाल दिवा ब्रेकच्या वायरीवर घेता येतो. सतत लुकलुकणारा मात्र नको, निळा-पांढरा तर नकोच. मागच्याला वाटतं कसलीतरी सजावट आहे.

दिवा झाकला जाऊ नये हेही बघा. भूम-परंड्याकडं दुधाच्या किटल्या लटकवून निघालेल्या गाड्या बघा, नाहीतर कडब्याची पेंढी बांधलेल्या. मागचा दिवा निम्मा गायब. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उरलेलं काम करतो. तिथं हेल्मेटच्या मागं लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी कामाला येते. तिला वीज लागत नाही, मागच्याच्या हेडलाइटनं चमकते.

अजून एक. तुळजापूरच्या घाटात उतरताना आपण गिअर कमी करून वेग तोडतो. गाडी हळू होते, पण ब्रेकलाइट पेटतच नाही! अशावेळी ब्रेकला दोनदा हलका स्पर्श करा, दिवा पेटेल एवढाच.

आता तपासणी. भर दुपारी गाडी उन्हात लावा, मित्राला तीस पावलं मागं उभं करा. इंजिन चालू ठेवून आधी फक्त हाताचा ब्रेक, मग फक्त पायाचा. दोन्हीचे स्विच वेगळे असतात, आणि एक बिघडला तरी दुसऱ्यामुळं लक्षात येत नाही. पायाचा ब्रेक खूप दाबल्यावरच दिवा पेटत असेल तर बऱ्याच गाड्यांत स्विचजवळचा नट फिरवून तो आधी पेटेल असा करता येतो. गॅरेजवाल्याचं दोन मिनिटांचं काम. आणि ब्रेक सोडल्यावर दिवा खरंच उतरतो का, तेही मित्राला विचारा. कायम पेटून राहिलेला ब्रेकलाइट मागच्याला काहीच सांगत नाही.