काचेवरचा टवका : वेळीच भरलेला बरा

खडी भरलेल्या डंपरमागून जाताना समोरच्या काचेवर ‘टक्’ असा आवाज होतो आणि मसुराएवढा टवका उडतो. गाडी चालते, वायपर फिरतो, म्हणून बहुतेक जण तिकडे दुर्लक्ष करतात. मग मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी एसी सुरू केला की त्याच टवक्यातून वीतभर तडा जातो. तेव्हा पूर्ण काच बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

गाडीची पुढची काच ‘लॅमिनेटेड’ असते. म्हणजे काचेचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकचा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा पडदा. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०९ मध्ये अशा काचेचे पेटंट घेतले. अपघातात ही काच फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. त्यामुळे चेहरा आणि डोळे बचावतात, शिवाय माणूस गाडीबाहेर फेकला जाण्याचा धोकाही कमी होतो. अनेक गाड्यांमध्ये पुढच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. त्यामुळे तडा गेलेली काच ही केवळ गाडीच्या दिसण्याची बाब नाही.

दगड लागल्यावर बहुधा बाहेरचा थरच फुटतो. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि काचेची ताकद तिथेच संपते. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये हे गणिताने मांडले. बाहेरून ऊन आणि आतून एसीचा गारवा मिळाला की काच असमान प्रसरण पावते व तडा पुढे सरकतो.

दुरुस्तीत टवक्यातली हवा आणि ओल शोषून घेतात, पातळ रेझिन दाबाने आत भरतात आणि अतिनील दिव्याने ते कडक करतात. दातात भरलेले सिमेंट निळ्या प्रकाशाने घट्ट करावे, तसाच हा प्रकार. काम साधारण अर्ध्या तासाचे. हे रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकेच वळवते, म्हणून डाग फिका पडतो. पूर्ण जात मात्र नाही.

त्यामुळेच चालकाच्या नजरेसमोरचा टवका भरण्याऐवजी काच बदलणे योग्य. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्या डागावर विखुरतो आणि डोळे दिपतात. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्यांना हा त्रास अधिक होतो. तडा काचेच्या कडेपर्यंत गेला असेल किंवा आतला थरही फुटला असेल, तरी काच बदलावीच लागते. बाजूच्या खिडक्यांची काच सहसा वेगळ्या प्रकारची, ‘टफन्ड’ असते. फुटली की तिचा चुरा होतो, ती दुरुस्त होत नाही.

टवका उडाल्यास काय करावे?

• धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून टवक्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी.

• तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, एसीचा झोत थेट काचेवर सोडू नये.

• घरातला झटपट चिकटणारा गोंद भरू नये. नंतर रेझिन आत शिरत नाही.

• काही दिवसांतच जाणकाराकडून दुरुस्ती करून घ्यावी.

• काच बदलल्यास चिकटद्रव्य पक्के होण्यास किती तास लागतील ते विचारावे, तोवर गाडी रस्त्यावर आणू नये.

आणि डंपर दिसला की अंतर ठेवावे.