औषधांची गाठ आणि स्नायूंची हानी

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या 'स्टॅटिन' गटातील गोळ्या आज अनेक घरांतून घेतल्या जातात. हृदयविकार व पक्षाघात टाळण्याच्या कामी त्यांचे मोल मोठे आहे, हे आम्ही प्रारंभीच सांगून ठेवतो. परंतु या गोळीची दुसऱ्या औषधाशी गाठ पडली म्हणजे काय घडू शकते, याची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

पोटात गेलेल्या अनेक औषधांचे विघटन यकृतातील विकरे करतात. सिम्व्हास्टॅटिन व अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यांचे विघटन मुख्यतः 'सीवायपी ३ए४' हे विकर करते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीवरील औषध याच विकराला अडवतात. मग गोळी रोजचीच, मात्राही तीच. पण रक्तातील तिचे प्रमाण कितीतरी वाढते.

त्याचा फटका स्नायूंना बसतो. मांड्या, खांदे, पाठ दुखते, अशक्तपणा येतो. क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात. यालाच 'रॅब्डोमायोलिसिस' म्हणतात. पेशींतून सुटलेले मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते व लघवी काळ्या चहासारखी होते. असे रुग्ण थोडे असले, तरी वेळ दवडल्यास जीवावर बेतते.

हा धोका काल्पनिक नाही. १९९७ साली बाजारात आलेले सेरिव्हास्टॅटिन हे औषध ऑगस्ट २००१ मध्ये मागे घ्यावे लागले. तोवर ५२ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यांपैकी अनेकांनी सोबत जेमफायब्रोझिल हे चरबी कमी करणारे दुसरे औषध घेतले होते.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच, की कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी खिशात असू द्या. खोकला-तापासाठी दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणू नका. डॉक्टरांना कल्पना असली, तर ते दुसरे प्रतिजैविक देतात किंवा तेवढे दिवस स्टॅटिन थांबवतात. वयोवृद्धांनी आणि मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांनी विशेष जपावे. अंग दुखू लागले, तर 'वयोमानाने होते' म्हणून अंगावर काढू नका. 'सीपीके' ही रक्ताची साधी तपासणी पुष्कळ काही सांगते. लघवीचा रंग गडद झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठा.

मात्र हा लेख वाचून कोणीही आपली गोळी मनाने बंद करू नये. गोळी सोडणे हा उपाय नव्हे. डॉक्टरांना सर्व काही सांगणे हा उपाय आहे.