उसाचं इथेनॉल, टर्बोची ठिणगी

कृष्णा-वारणेच्या मधलं आष्टा म्हणजे उसाचा मुलूख. गळीत हंगामात इस्लामपूर-सांगली रस्त्यावर ट्रॉल्यांच्या मागे अडकलेल्या टर्बो पेट्रोल गाडीच्या टाकीत आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सगळंच उसाचं नाही, मक्याचंही पुष्कळ. या इथेनॉलबद्दल इकडे दोनच मतं ऐकू येतात: शेतकऱ्याचं भलं झालं, नाहीतर गाडीचं वाटोळं झालं. इंजिनाला मात्र तिसरंच काही सांगायचं असतं.

सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर चक्र फिरवायचं आणि सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबायची, हा टर्बोचा धंदा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. हवा वाढली की पेट्रोल वाढवता येतं, ताकद वाढते. पण दाबलेली हवा तापते. मग प्लगची ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिन खडखडतं. हेच नॉकिंग. भर लोडवर ते चालू राहिलं तर पिस्टन गेलाच म्हणायचा.

सगळा खेळ ठिणगीच्या वेळेचा. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या काही अंश आधीच ठिणगी पाडतात. मिनिटाला ६००० फेऱ्या असताना क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, तेव्हा चुकायला जागा किती ते बघा. ठिणगी लवकर पडली तर नॉकिंग. उशिरा पडली तर ताकद जाते आणि उष्णता टर्बोवर येते. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसॅडरच्या काळात मिस्त्री डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून कानाने टायमिंग लावत. आता इंजिनाच्या ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ऐकतो. ठोका जाणवला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी काही अंश मागे घेतं, शांत झालं की हळूहळू पुढे सरकवतं. मे महिन्याच्या दुपारी, भरल्या गाडीत एसी लावून पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला गाडी मंदावते, त्यात या मागे घेण्याचाही वाटा असतो.

मिश्रणाचं प्रमाण वजनावर ठरतं: एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. भर लोडवर मात्र टर्बो इंजिनाला १२-१२.५ इतकं रिच मिक्स्चर देतात, कारण जादा पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थंड करतं. महाग पेट्रोल चक्क थंडाव्यासाठी जाळायचं!

इथेच इथेनॉल कामाचं. त्याचं बाष्प व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायची क्षमता, शंभराच्या वर. म्हणजे ठिणगी पुढे सरकवायला मोकळीक. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, आणि एका भागाला हवा लागते फक्त ९ भाग. मिश्रणातला फरक ऑक्सिजन सेन्सर बऱ्यापैकी सांभाळतो. टायमिंग मात्र ईसीयूतल्या तक्त्याच्या मर्यादेपलीकडे जात नाही, आणि कॉम्प्रेशन रेशो तर धातूतच कोरलेला. त्यामुळे जुन्या गाडीला तोटा पुरता मिळतो, फायदा अर्धामुर्धा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के घटेल, असंच म्हटलं होतं.

या तोट्यावर रिमॅपचा उतारा सुचवणारे बरेच भेटतात. लॅपटॉप जोडून तक्ते बदलले की घोडे वाढतात, हे खरं. वॉरंटी जाते, हेही खरं. माझ्या मते घोडे विचारूच नयेत. नवा तक्ता कुठल्या पेट्रोलवर बसवला ते विचारावं, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून घेतलेला लॉग मागावा. त्यात प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे गेली ते दिसतं. लॉग दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून गाडीची चावी परत घ्यावी.