उत्तरपत्रिकांचे गठ्ठे

'एवढा पगार असून यांना संप कशाला हवा?' २०१३ साली 'एम्फुक्टो' या प्राध्यापक महासंघाने फेब्रुवारी ते मे परीक्षांवर बहिष्कार टाकला, तेव्हा हा प्रश्न मीही ऐकला. मागण्या होत्या सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीच्या आणि नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या सेवेच्या. हाल झाले ते मुलांचे.

मला वेगळाच प्रश्न पडतो. या मंडळींनी भांडायचे तरी कुठे? गिरणी कामगाराला निदान औद्योगिक विवाद कायद्याचे दार होते. गोव्यातील एका शिक्षिकेने ते ठोठावले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, शाळा हा 'उद्योग' असला तरी शिक्षक 'कामगार' नव्हे! अमेरिकेत १९८० साली येशिव्हा या खासगी विद्यापीठाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरले, की प्राध्यापक कारभारात भाग घेतात, म्हणून ते व्यवस्थापकच. (आपल्या प्राध्यापकांना हे वाचून हसूच येईल.)

आपल्याकडे विद्यापीठ न्यायाधिकरण आहे, पण ते बडतर्फीसारख्या एकेकट्याच्या तक्रारी ऐकते. वेतनश्रेणी सुचवतो अनुदान आयोग, अनुदानित महाविद्यालयांचा पगार देते सरकार. कुलगुरूंशी कितीही बोलणी करा, रुपया वाढायचा नाही. मग दबावासाठी हाती उरतात उत्तरपत्रिका. मुलांना वेठीस धरणे मला मुळीच पटत नाही. पण बोलणी करणे सरकारवर बंधनकारक असते, तर २०१३चा बहिष्कार मे महिन्यापर्यंत लांबला असता, असे मला वाटत नाही.