ठराव झाला, बोर्ड कधी लागणार?

बाजाराच्या दिवशी एसटीला वळायला जागा नसते, शाळेच्या फाटकासमोर वडापच्या जीप उभ्या असतात, आणि एखाद्या दिवशी कुणाला धडक बसली की संध्याकाळी पारावर एकमत होतं: ग्रामसभेत ठराव घ्या. ठराव होतोही. सहा महिन्यांनी पाहावं तर जीप तिथेच. मग कुणी म्हणतं, सरपंचाला काम करायचंच नाही. कुणी म्हणतं, गावाला विचारणं हा नुसता देखावा. सरपंचाची बाजू घ्यायचं मला कारण नाही, पण या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी काही चुकीच्या समजुती आहेत.

पहिली आणि सगळ्यात घट्ट रुतलेली समजूत अशी, की रस्ता गावातून जातो म्हणजे तो गावाचा. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या असतात हे खरं. पण ज्या रस्त्यावर एसटी थांबते आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर जातात, तो बहुधा तिचा नसतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा आणखी वेगळी. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. एवढं पाहून अर्ज केला तरी तो चुकीच्या टेबलावर पडून राहत नाही.

दुसरी समजूत: ग्रामसभेने ठरवलं म्हणजे पार्किंगबंदी लागू झाली. तसं नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115 नुसार वाहनांवर बंदी किंवा निर्बंध घालायचे, कलम 116 नुसार वाहतूक चिन्हं लावायची आणि कलम 117 नुसार वाहनं कुठे उभी राहतील ते ठरवायचं, हे अधिकार राज्य सरकारचे किंवा सरकारने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाचे आहेत. पंचायतीने स्वतःच्या खर्चाने पत्र्यावर ‘नो पार्किंग’ रंगवून घेतलं, तर त्यामागे आदेश नसतो. पोलीस त्या बोर्डाच्या आधाराने दंड करू शकत नाहीत. याची उलट बाजूही लोक विसरतात. बोर्ड नाही म्हणून गाडी हवी तशी लावायची मोकळीक मिळत नाही. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाणं हा कलम 122 खाली गुन्हाच आहे, बोर्ड असो वा नसो. आणि रस्त्यावर सरकत आलेली टपरी, वाळूचा ढीग? सार्वजनिक रस्त्यावरचे असे अडथळे काढण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने पंचायतीलाच दिला आहे. तिथे मात्र वरच्या कचेरीकडे बोट दाखवता येत नाही.

मग गावाला विचारायचं तरी कशाला? कलम 117 मध्येच त्याचं एक उत्तर आहे: वाहनं उभी करायच्या जागा ठरवताना संबंधित स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करायचा आहे. पण मला कायद्यापेक्षा दुसरं कारण मोठं वाटतं. अपघातांचा सरकारी हिशेब मृत्यू आणि गंभीर दुखापतींवर चालतो. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात व्हावे लागतात, किंवा 10 मृत्यू. गावात किती अपघात नोंदले जातात? मोटारसायकल घसरली, पाय मोडला, समोरच्याने दवाखान्याचा खर्च दिला, प्रकरण आपसात मिटलं. पोरगं थोडक्यात वाचलं, हे तर कुठल्याच रजिस्टरात येत नाही. त्यामुळे ज्या वळणाला अख्खं गाव बिचकतं, ते वळण कागदावर निर्धोक असतं. कुठे, किती वाजता, कशामुळे जीव मुठीत धरून जावं लागतं ही माहिती फक्त गावाकडे असते, आणि ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतले सुमारे 68 टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. अपघात ही शहराची गोष्ट, हा समजही यातच निकाली निघतो.

गतिरोधकाचं वेड हा तर स्वतंत्र विषय आहे. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून उंचवटा तयार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून गाडी ताशी 25 किलोमीटरने सुरळीत जावी असा तो बेत असतो. शिवाय आधी सूचनाफलक आणि अंगावर पांढरे पट्टे हवेत. हातभर रुंदीचा, अंधारात न दिसणारा उंचवटा ट्रकला थांबवत नाही. मागे बसलेल्या बाईला मात्र मोटारसायकलवरून खाली पाडतो.

रस्ता रुंद केला की प्रश्न मिटेल, असंही हमखास ऐकू येतं. रुंद, मोकळ्या रस्त्यावर गाड्या वेग घेतात. चालक सावध व्हायला एक सेकंद धरला, तर तेवढ्यात ताशी 40 च्या वेगातली गाडी 11 मीटर जाते आणि 60 च्या वेगातली जवळपास 17 मीटर. ब्रेक त्यानंतर लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका 4 टक्क्यांनी वाढतो.

‘लोकच येत नाहीत, कोरम होत नाही’ ही सबब फारशी टिकत नाही. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अटच नाही. खरी अडचण आलेल्यांची आहे. सभेत बोलतात ते मुख्यतः दुकानदार आणि गाडीमालक. रस्ता ओलांडणारी शाळकरी पोरं, पहाटे चालत शेतावर जाणाऱ्या मजूर बाया आणि एसटीचा चालक तिथे नसतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदा सांगतो, तिथे हा विषय मुद्दाम ठेवायला हवा. गाड्या हलवल्या तर गिऱ्हाईक तुटेल ही दुकानदाराची भीती खोटी असते असं नाही, पण ती मोजून पाहता येते: बाजारपेठेतल्या गाड्यांचे नंबर दर तासाला टिपून ठेवा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच नंबर दिसले, तर जागा गिऱ्हाइकांनी अडवलेली नाही.

पुढच्या ग्रामसभेची विषयपत्रिका निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. आयत्या वेळच्या विषयात हा प्रश्न घुसडू नका. अर्जात रस्त्याचा प्रकार, नेमकी जागा, वेळ, घडलेल्या आणि थोडक्यात टळलेल्या घटना, फोटो आणि गाड्या हलवायची पर्यायी जागा लिहा. ठरावाची प्रत रस्त्याच्या मालक विभागाला, पोलीस ठाण्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.